विजेवर चालणारे प्लेयर पियानो : रचना, कार्य आणि जतन

प्रस्तावना

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील लाखो कागद आहेत. कागद शाबूत आहेत, शाई टिकून आहे, पण मोडी वाचणारा माणूस समोर नसेल तर त्या कागदांचा उपयोग किती? कागद जपणे आणि कागद वाचणारा जपणे ही दोन कामे आहेत, आणि एकाशिवाय दुसरे अपुरे आहे.

प्लेयर पियानोची गोष्ट अशीच आहे. त्याचे संगीत छिद्रे पाडलेल्या कागदी रोलवर लिहिलेले असते. ते माणसाला सहजी वाचता येत नाही, ते यंत्र वाचते. रोल हा कागद आणि पियानो हा त्याचा वाचक. फरक एवढाच की इथे वाचणारा प्रत्येक वाचनागणिक थोडा झिजतो आणि कागदही थोडा फाटतो. या पाठात आपण हे वाद्य कसे चालते ते समजून घेऊ आणि त्या समजुतीवरून त्याचे जतन कसे करावे ते ठरवू.

या पाठातून तुम्ही काय शिकाल

- हवेच्या ओढीवर रोल कसा वाचला जातो
- विजेने या वाद्यात नेमके काय बदलले
- वाद्याचे कोणते भाग कशामुळे खराब होतात
- भारतीय हवामान आणि भारतीय वीजपुरवठा यांतून उद्भवणारे प्रश्न
- ‘वाजते ठेवणे’ आणि ‘जपणे’ यांतील फरक

१. सुरुवात पायपेटीपासून

मराठी संगीत नाटक पाहिले असेल तर रंगमंचासमोर ठेवलेला ऑर्गन, म्हणजेच पायपेटी, तुम्ही पाहिली असेल. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ आहे. गोविंदराव पटवर्धनांसारख्या वादकांनी हे वाद्य पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचवले.

हातपेटी आणि हा ऑर्गन यांत एक महत्त्वाचा फरक आहे. हातपेटीचा भाता हवा दाबून पट्ट्यांमधून बाहेर ढकलतो. ऑर्गनचा भाता उलट काम करतो. पायाने पायटे दाबले की भाता पेटीतील हवा खेचून काढतो, आत हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पट्ट्यांमधून आत शिरते. म्हणजे हे वाद्य फुंकेवर नव्हे, ओढीवर चालते.

प्लेयर पियानोचे मूळ तत्त्व हेच आहे. अमेरिकेतील एडविन व्होटी यांनी १८९५ मध्ये ‘पियानोला’ हे यंत्र तयार केले. ते सुरुवातीला पियानोसमोर ठेवायचे वेगळे कपाट होते. त्याची लाकडी बोटे पियानोच्या पट्ट्या दाबत, आणि ती बोटे हलवणारी ताकद पायाने चालवलेल्या भात्याच्या ओढीतून येई. पुढे हे सारे यंत्र पियानोच्या पोटातच बसवले जाऊ लागले.

२. रोल कसा वाचला जातो

इचलकरंजीच्या किंवा येवल्याच्या मागावर जॅकार्डची छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची पत्रे पाहिली असतील. छिद्र असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. प्लेयर पियानोत धाग्याच्या जागी सूर आहे. क्रम असा असतो :

१. पंप किंवा भाता यंत्रातील हवा खेचून ओढ निर्माण करतो.

२. कागदी रोल एका धातूच्या पट्टीवरून सरकतो. या पट्टीला ट्रॅकर बार म्हणतात. तिच्यात ओळीने छिद्रे असतात, प्रत्येक सुराला एक. कागद या छिद्रांवर झाकणासारखा बसलेला असतो.

३. रोलवरचे छिद्र पट्टीवरच्या छिद्रासमोर आले की बाहेरची हवा आत शिरते आणि बारीक नळीतून पुढे जाते.

४. नळीच्या टोकाला पातळ चामड्याचा छोटा पडदा असतो. हवा येताच तो फुगतो आणि वरची झडप उचलतो.

५. झडप उघडली की त्या सुराचा छोटा भाता ओढीला जोडला जातो आणि चटकन मिटतो. त्याच्या हालचालीने पियानोची हातोडी तारेवर आदळते.

६. रोलवरचे छिद्र पुढे सरकले की एका अगदी बारीक वाटेने पडद्याखालची हवा निघून जाते, झडप बंद होते आणि सूर थांबतो.

हे सारे सेकंदाच्या अंशात घडते आणि ८८ सुरांसाठी ८८ वेळा स्वतंत्रपणे मांडलेले असते. लागणारी ओढ फार मोठी नसते. हळू वाजवताना पाण्याच्या स्तंभाच्या सुमारे ५ इंचांएवढी आणि जोरात वाजवताना सुमारे ४० इंचांपर्यंत, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जेमतेम एक दशांश. म्हणूनच चामड्यात पडलेले टाचणीएवढे भोकही इथे जाणवते.

सुरुवातीला प्रत्येक कंपनीचे रोल वेगळे असत. १९०८ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथे उत्पादकांनी प्रमाण ठरवले : ११ १/४ इंच रुंदीचा कागद, ८८ सूर आणि एका इंचात ९ छिद्रे. हे आकडे लक्षात ठेवा, हवामानाचा विचार करताना ते पुन्हा लागतील. रोलचा वेगही लिहिलेला असतो. ‘टेम्पो ७०’ म्हणजे सुरुवातीला मिनिटाला ७ फूट कागद.

३. वीज नेमकी कुठे आली

‘इलेक्ट्रिक प्लेयर पियानो’ हे नाव तीन वेगवेगळ्या रचनांना दिले जाते. जतनाच्या दृष्टीने त्या वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे.

*अ) विजेचा पंप, हवेचे यंत्र.* पायाच्या जागी मोटर आली, बाकी सारे ओढीवरच. बहुतेक इलेक्ट्रिक प्लेयर पियानो या प्रकारात मोडतात. अमेरिकेतील सीबर्ग आणि वुर्लित्झर या कंपन्यांचे नाणे टाकून वाजणारे पियानोही यातलेच. हॉटेलांत, करमणुकीच्या जागी ते ठेवलेले असत. सीबर्गच्या अनेक पियानोंना चालणाऱ्या ‘ए’ प्रकारच्या एका रोलवर साधारण १० गाणी असत.

*आ) पूर्णपणे विद्युतचुंबकीय.* इथे भाता नाही. रोलच्या छिद्रातून विजेचा संपर्क जुळतो आणि विद्युतचुंबक हातोडी हलवतो. अमेरिकेतील टेल-इलेक्ट्रिक कंपनीच्या यंत्रात कागदाऐवजी पातळ पितळी पत्र्याचे रोल होते. शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीचे ‘व्हायोलानो-व्हर्चुओसो’ हे हेन्री सँडेल यांचे यंत्र पियानोबरोबर खरे व्हायोलिनही वाजवी.

*इ) पुनरुत्पादक पियानो.* हा मुख्यतः पहिल्याच प्रकारचा, पण रोलवर सुरांशिवाय वादकाच्या जोराच्या आणि पेडलच्याही नोंदी असलेला. त्याचा विचार स्वतंत्रपणे करू.

४. वादकाची नोंद

साध्या रोलमध्ये कोणता सूर कधी वाजवायचा एवढेच लिहिलेले असते. १९०४ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे एडविन वेल्टे आणि कार्ल बोकिश यांनी ‘वेल्टे-मिन्यों’ ही पद्धत आणली. तिच्या रोलच्या कडांना काही जादा छिद्रे असत. ती ओढ कमी-जास्त करत, त्यामुळे सूर हळू किंवा जोरात वाजे. पुढे अमेरिकेत ड्युओ-आर्ट आणि अँपिको या पद्धती आल्या. राखमानिनोव यांनी अँपिकोसाठी, तर गर्श्विन यांनी ड्युओ-आर्टसाठी रोल वाजवले.

यातून काय हाती लागते ते एका उदाहरणावरून पाहा. संगीतकार गुस्ताव महलर यांनी नोव्हेंबर १९०५ मध्ये लाइपझिग येथे वेल्टेसाठी स्वतःच्या चार रचना पियानोवर वाजवल्या. महलर यांच्या वादनाची याखेरीज दुसरी कोणतीही ध्वनिनोंद नाही. त्यांची लय कशी होती, कुठे ते रेंगाळत आणि कुठे पुढे धावत, याचा पुरावा या छिद्रांतच आहे.

पण हा पुरावा यंत्राच्या अवस्थेवर अवलंबून आहे. पंप अशक्त असेल तर महलर हळू वाजवत होते असे वाटेल. रोलची मोटर वेगाने फिरली तर ते घाईने वाजवत होते असे वाटेल. बिघडलेला पियानो गप्प बसत नाही, तो चुकीचे सांगतो. जतनाचा प्रश्न इथे इतका गंभीर का, ते यावरून कळेल.

कायद्यालाही या कागदाने कोड्यात टाकले होते. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हाइट-स्मिथ विरुद्ध अपोलो या खटल्यात ठरवले की रोल माणसाला वाचता येत नसल्याने तो स्वरलिपीची ‘प्रत’ ठरत नाही. लगेच १९०९ मध्ये तिथे नवा कायदा झाला आणि रोलसाठी रचनाकाराला मोबदला देणे बंधनकारक झाले.

१९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत बनणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक प्लेयर पियानो होते. नंतर रेडिओ आला, १९२५ पासून मायक्रोफोनने केलेले ध्वनिमुद्रण आले आणि १९२९ च्या मंदीने उरलेला बाजार संपवला. असंख्य पियानोंच्या पोटातून नळ्या आणि भाते काढून टाकण्यात आले आणि ते साधे पियानो म्हणून वापरले गेले. या वाद्यांचा सर्वांत मोठा नाश आगीने किंवा पुराने नव्हे, तर अशा ‘साफसफाई’ने झाला आहे.

५. काय खराब होते आणि कशामुळे

- रबरी कापड आणि रबरी नळ्या : कालांतराने कडक होतात, तडकतात, हवा गळते.
- चामड्याचे पडदे आणि झडपा : सुकतात, सच्छिद्र होतात, सूर उशिरा वाजतो किंवा वाजतच नाही.
- शिशाच्या नळ्या : काही जुन्या वाद्यांत असतात. त्यांवर पांढरी भुकटी जमते. ती विषारी आहे, उघड्या हाताने पुसू नका आणि फुंकर मारू नका.
- जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग : आतून फुगतात आणि भेगाळतात. हा दोष धातूतच असतो. तो थांबवता येत नाही, भागाची नक्कल घडवावी लागते.
- लोकर आणि फेल्ट : कसर लागते. लाकूड : वाळवी लागते, सांधे सुटतात.
- रोलचा कागद : आम्लामुळे पिवळा आणि ठिसूळ होतो, कडा चुरतात.
- तारांचे वेष्टन : जुने रबर व सुती वेष्टन गळून पडते. विजेचा धक्का किंवा आग लागण्याचा धोका असतो.

६. हवामान : कुम्हारीचे उदाहरण

संग्रहालयशास्त्राच्या पुस्तकांत लाकडी वाद्यांसाठी सुमारे ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवलेली आढळते. ती बहुतेक युरोप-अमेरिकेतील इमारतींच्या अनुभवावरून आली आहे. आपल्याकडे काय होते ते पाहण्यासाठी समुद्रापासून दूर असलेले एक गाव घेऊ : छत्तीसगडमधील रायपूर आणि भिलाई यांच्या दरम्यानचे कुम्हारी.

समजा कुम्हारीतील एका घरात असा पियानो आहे. मे महिन्यात दुपारचे तापमान ४२ ते ४५ अंशांपर्यंत जाते आणि हवा अतिशय कोरडी होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेची होते. मेमध्ये लाकूड आकसते आणि सांधे उघडतात. पावसाळ्यात ते फुगते, पट्ट्या अडकतात आणि तारांना गंज चढतो.

कागदाचे काय होते ते गणिताने पाहू. रोलची रुंदी ११ १/४ इंच, म्हणजे सुमारे २८६ मिलिमीटर. एका इंचात ९ छिद्रे, म्हणजे दोन छिद्रांच्या केंद्रांत सुमारे २.८ मिलिमीटर अंतर. आर्द्रतेने कागद केवळ १ टक्का रुंद झाला तर वाढ होते सुमारे २.९ मिलिमीटर, म्हणजे जवळपास एका पूर्ण सुराएवढी. रोल मधोमध बसवला तरी दोन्ही कडांना प्रत्येकी सुमारे १.४ मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या सुराच्या जागेची चूक राहते. अशा वेळी सर्वांत खालचे आणि सर्वांत वरचे सूर गळतात किंवा शेजारचे सूर वाजू लागतात. यंत्र ठीक असते, फक्त ऋतू बदललेला असतो.

मग काय करावे? चोवीस तास वातानुकूलन बहुतेक घरांना आणि छोट्या संग्रहालयांना परवडत नाही. दिवसा चालू आणि रात्री बंद असे वातानुकूलन तर अधिक घातक ठरते, कारण आर्द्रता रोज वर-खाली होते. लाकडाला एका विशिष्ट आकड्यापेक्षा संथ बदल जास्त मानवतो. म्हणून :

- वाद्य बाहेरच्या भिंतीपासून, खिडकीपासून आणि कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या खोलीत ठेवा.
- आर्द्रतामापक ठेवून रोजची नोंद करा.
- सुती कापडाचे आच्छादन घाला. प्लास्टिक नको, आत दमटपणा कोंडतो.
- रोल त्यांच्या डब्यांत आडवे ठेवा आणि डबे बंद कपाटात ठेवा.
- पावसाळ्यात रोल वाजवू नका.

७. वीज : ११० आणि २३०, ६० आणि ५०

अमेरिकी यंत्रे साधारण ११० व्होल्टसाठी बनलेली असतात, आपला पुरवठा २३० व्होल्टचा आहे. थेट जोडल्यास मोटर जळते. अनेकजण व्होल्टता कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावतात आणि प्रश्न सुटला असे समजतात. पण ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे, भारतात ५०.

६० हर्ट्झसाठी बनलेली इंडक्शन मोटर ५० हर्ट्झवर सुमारे पाच षष्ठांश वेगाने फिरते. रोल त्याच मोटरवर फिरत असेल तर ६० सेकंदांचे गाणे ७२ सेकंदांचे होते. पंपही मंदावतो आणि आवाज दबतो. काही यंत्रे तर एकदिश प्रवाहावर चालणारी आहेत, त्यांना हा उपाय लागूच पडत नाही. म्हणून आधी मोटरवरची पाटी वाचा, तिचे छायाचित्र घ्या, आणि जाणकाराने तारा तपासल्याशिवाय प्लग लावू नका. ‘एकदा चालू करून बघू या’ हे वाक्य या वाद्यांसाठी फार महागात पडते.

८. वाजवायचे की जपायचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाद्य वाजते करायचे तर सुकलेले चामडे, रबर, नळ्या बदलाव्या लागतात. जुने सामान गेले की त्याबरोबर त्या काळच्या कारागिरीचा पुरावाही जातो. जसेच्या तसे ठेवले तर पुरावा राहतो, पण वाद्य मुके होते. दोन्ही बाजूंनी खरे बोलणारी माणसे आहेत.

व्यवहारात पुढील क्रम उपयोगी पडतो.

पहिले, रोलची प्रत. रोलचे प्रकाशीय स्कॅन करून प्रत्येक छिद्राची जागा संगणकावर उतरवता येते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१४ पासून चाललेला प्लेयर पियानो प्रकल्प हेच काम करतो. स्कॅन झाल्यावर मूळ रोल पुन्हा पुन्हा वाजवण्याची गरज उरत नाही. स्कॅनवरून नवा रोल कापून तो वाजवता येतो.

दुसरे, उलटवता येईल अशीच दुरुस्ती. जुन्या कारागिरांनी हे सांधे सरसाने जोडले आहेत. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून पुढचा दुरुस्तीकार भाता न फोडता उघडू शकतो. पांढरा कृत्रिम गोंद लावला की पुढच्या वेळी लाकूडच तुटते. रोलच्या फाटलेल्या कडांना चिकटपट्टी कधीही लावू नका. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा.

तिसरे, काढलेला प्रत्येक भाग राखून ठेवणे. जुन्या चामड्याचा तुकडासुद्धा चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. त्याची जाडी हीच पुढच्या कारागिराची मोजपट्टी असते.

चौथे, दुर्मिळता पाहून निर्णय. एकाच बनावटीचे अनेक पियानो उपलब्ध असतील तर एक वाजता करण्यास हरकत नाही. कधीच न उघडलेले, मूळ सामानासह उरलेले वाद्य मात्र न वाजवता जपावे. ते संदर्भग्रंथासारखे आहे.

भात्याचे चामडे आणि कापड लावणे, झडपा बसवणे, हवेची गळती शोधणे ही कौशल्ये आपल्याकडच्या पेटी दुरुस्त करणाऱ्यांकडे आहेत. कोकणात राजापूर तालुक्यातील आडिवरे येथे अलीकडे ऑर्गन नव्याने घडवण्याचे कामही झाले आहे. प्लेयर पियानोची खास माहिती त्यांना द्यावी लागेल, पण हात तयार आहेत. लाकूड, धातू, कागद यांच्या शास्त्रीय सल्ल्यासाठी लखनऊची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र यांसारख्या संस्था आहेत.

९. कायद्याच्या दोन गोष्टी

पहिली, हस्तिदंत. जुन्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर अनेकदा हस्तिदंताचे पातळ पत्रे असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हस्तिदंताचा व्यापार बेकायदा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंतालाही ही बंदी लागू झाली. म्हणून तुटलेल्या पट्टीसाठी हस्तिदंत विकत घेऊ नका, पर्यायी साहित्य वापरा आणि तशी नोंद ठेवा.

दुसरी, पुरावशेष. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात. असे वाद्य परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

सारांश

प्लेयर पियानो हा ओढीवर चालणारा वाचक आहे. वीज आल्याने पाय सुटले, पण बहुतेक वाद्यांत चामडे, रबर, लाकूड आणि कागद यांवरचे अवलंबित्व तसेच राहिले. त्याचे जतन म्हणजे केवळ ते वाजवून दाखवणे नव्हे. रोलची प्रत, वाद्याची नोंद आणि उलटवता येणारी दुरुस्ती या तीन गोष्टी झाल्या, तर आज गप्प असलेले वाद्य ५० वर्षांनी कुणी अधिक जाणता माणूस बरोबर वाजवू शकेल. घाईने वाजते केलेल्या वाद्याला ही संधी पुन्हा मिळत नाही.

स्वाध्याय

१. हातपेटी आणि ऑर्गन यांच्या भात्यांतील फरक स्पष्ट करा. प्लेयर पियानो यांपैकी कोणाशी जवळचा आहे?

२. जुन्या ६५ सुरी रोलमध्ये एका इंचात ६ छिद्रे असत. कागद १ टक्का रुंद झाल्यास त्यात चुकीचे प्रमाण ८८ सुरी रोलपेक्षा कमी असेल की जास्त? गणित मांडा. (दोन्ही रोलची रुंदी सारखी धरा.)

३. तुमच्या गावातील मे आणि ऑगस्ट महिन्यांतील आर्द्रतेची नोंद मिळवा आणि कुम्हारीच्या उदाहरणाशी तुलना करा.

४. तुमच्या महाविद्यालयाला आतले यंत्र शाबूत असलेला, पण न वाजणारा इलेक्ट्रिक प्लेयर पियानो भेट मिळाला आहे. प्राचार्यांना तो स्नेहसंमेलनात वाजवून हवा आहे. त्यांना काय सांगाल? दहा ओळींत टिपण लिहा.